कॅलरीचं टार्गेट मधूनच ओलांडलं जातंय? आधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. वजन कमी करायचं म्हणून रोजच्या कॅलरींचा आकडा ठरवलेला आहे. खाल्लेलं सगळं ॲपमध्ये नोंदवलं जातं. चार-पाच दिवस सुरळीत जातात आणि मग एखाद्या दिवशी आकडा लाल होतो, कधी दोनशेने, कधी हजाराने. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर वजन वाढलेलं दिसतं. मग एक तर दिवसभर जवळजवळ उपाशी राहायचं, नाहीतर 'आता हा आठवडा गेलाच' म्हणून सोडून द्यायचं. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच.

जास्त खाल्लेल्या त्या एका दिवसाने वजन उतरणं सहसा थांबत नाही. थांबतं ते पुढच्या तीन-चार दिवसांत आपण जे करतो त्याने. हे मी मनाच्या समाधानासाठी सांगत नाही, हिशोब करून बघितला की ते स्पष्ट दिसतं. म्हणून आधी हिशोब करू.

नेमकं किती बिघडलं?

एक उदाहरण धरू. वय 35, उंची 160 सेंटीमीटर, वजन 70 किलो, बैठं काम करणारी स्त्री. 1990 साली प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र आजही बऱ्याच ठिकाणी वापरलं जातं. त्याप्रमाणे तिच्या शरीराला नुसतं जिवंत राहायला दिवसाला साधारण 1,364 कॅलरी लागतात. दिवसभराची हालचाल धरून हा आकडा 1,900 च्या आसपास जातो. इतकं खाल्लं तर वजन आहे तिथेच राहील, म्हणून याला मेंटेनन्स म्हणतात. तिने 1,500 चं टार्गेट ठेवलं आहे, म्हणजे रोज 400 ची तूट आणि आठवड्याला 2,800 ची.

बुधवारी तिने 2,500 खाल्ले. ॲप सांगतं, 1,000 जास्त. पण हे 1,000 टार्गेटपेक्षा जास्त आहेत, शरीराच्या गरजेपेक्षा नाहीत. त्यातले पहिले 400 फक्त त्या दिवशीची तूट खाऊन टाकतात. मेंटेनन्सच्या वर गेले ते 600. एखाद्या दिवशी तिने 1,900 खाल्ले असते तर ॲपवर 400 ने लाल आकडा दिसला असता आणि चरबी मात्र एक ग्रॅमही वाढली नसती. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण ॲपच्या पडद्यावर एकच रेघ असते. प्रत्यक्षात दोन आहेत, आणि दुसरी बरीच वर आहे.

आता आठवडा बघा. बाकीचे सहा दिवस ठरल्याप्रमाणे गेले तर तूट 2,800 ऐवजी 1,800 राहते. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. म्हणजे त्या आठवड्यात साधारण 360 ग्रॅमऐवजी 230 ग्रॅम चरबी उतरेल. नुकसान 130 ग्रॅमचं, आणि वजन तरीही उतरलंच.

पण बुधवारनंतर 'गेला हा आठवडा' म्हणून रविवारपर्यंत रोज 2,500 खाल्ले तर? सोमवार-मंगळवारची तूट 800, पुढच्या पाच दिवसांत मेंटेनन्सच्या वर 3,000. आठवड्याअखेर 1,800 ची तूट असायची तिथे 2,200 ची भर पडली. दोन आठवड्यांमधला फरक 4,000 कॅलरींचा, आणि त्यात बुधवार दोन्हीकडे सारखाच आहे.

तुमचे स्वतःचे आकडे टाकून हा हिशोब एकदा कागदावर करा. नुसता वाचून तो मनात उतरत नाही.

सकाळी काटा एक किलो जास्त दाखवतो, त्याचं काय?

एका दिवसात एक किलो चरबी वाढायला वरच्या उदाहरणातल्या बाईंना 9,600 कॅलरी खाव्या लागतील. तेवढं खाल्लं नसेल तर काट्यावर दिसतंय ते बहुतेक सगळं दुसरंच काही आहे.

त्यातलं मोठं कारण पाणी. शरीर पिष्टमय पदार्थ ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंमध्ये साठवतं, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. डाएटवर असताना हा साठा थोडा रिकामाच असतो. एक दिवस भरपूर खाल्लं की तो भरतो. 200 ग्रॅम ग्लायकोजेन साठलं तर त्याबरोबर 600 ग्रॅम पाणी येतं, झाले 800 ग्रॅम. त्यात बाहेरचं, खारट जेवण असेल तर मिठामुळे आणखी पाणी थांबतं. शिवाय कालचं जेवण अजून पोटात आहेच, त्याचंही वजन असतं. पुन्हा नेहमीसारखं खायला लागलं की हे जास्तीचं पाणी साधारण दोन-चार दिवसांत निघून जातं.

उलटंही होतं, आणि तेही लक्षात ठेवायला हवं. दुसऱ्या दिवशी उपाशी राहिल्यावर काटा खाली येतो तेव्हा 'उपाशी राहिल्याचा फायदा झाला' असं वाटतं. तो बहुतेक त्याच पाण्याचा उतार असतो. काही न करताही तो आला असता.

रोज वजन करायची सवय असेल तर एकाच वेळी करा: सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी. मग सात दिवसांची सरासरी काढा आणि ती फक्त मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. सरासरी खाली जात असेल तर गुरुवारी सकाळी काय दिसलं त्याला किंमत नाही. काट्यावरचा आकडा बघून दिवसच खराब जात असेल, तर जास्त खाल्ल्यानंतरचे तीन दिवस वजन करूच नका. त्या तीन दिवसांत काटा तुम्हाला उपयोगाचं काहीच सांगणार नाही.

त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी

जास्त खाल्लं गेलं हे लक्षात आल्याबरोबर करायची पहिली गोष्ट म्हणजे नोंद. नक्की किती खाल्लं माहीत नसेल तर अंदाज लिहा, आणि थोडा वरचाच लिहा. 'बाहेरचं जेवण, 1,100' इतकं पुरे. बरेच जण त्या दिवसाची नोंदच टाळतात आणि पान कोरं ठेवतात. त्याने दोन नुकसानं होतात. आठवड्याची बेरीज खोटी होते, आणि हे नेमकं कधी, कशामुळे झालं हे पुढे शोधायला काही हाती राहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तिथेच थांबणं. हे सगळ्यात अवघड, आणि ते का अवघड आहे हे ठाऊक असलं तर मदत होते. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, आणि मग सगळ्यांना हवं तितकं आईस्क्रीम खायला सांगितलं. एरवी खाण्यावर फार लक्ष न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आईस्क्रीम कमी खाल्लं, जे स्वाभाविक आहे. जे खाण्यावर ताबा ठेवून होते त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर आईस्क्रीम जास्त खाल्लं. त्यामागचा विचार असा: आजचा नियम मोडला म्हणजे दिवस संपला, आता हवं ते खा, उद्यापासून बघू. हर्मन आणि जॅनेट पोलिवी यांनी या वागण्यावर पुढे बरीच वर्षं काम केलं. तेव्हा टार्गेटच्या 300 वर गेल्यावर मनात 'आता काय, झालंच' असं आलं, तर तो विचार तुम्हाला एकट्यालाच येतो असं समजू नका. तो विचार आला की फक्त इतकं आठवा: 300 वर थांबलात तर तुम्ही अजून मेंटेनन्सच्या खालीच आहात. पुढचा प्रत्येक घास मात्र मोजला जाणार आहे.

रात्री पाणी प्या, वाटलं तर थोडं चाला, वेळेवर झोपा. चालण्याने खाल्लेलं फिटेल म्हणून चालू नका. 70 किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर चालला की साधारण 50 कॅलरी जळतात. हजार कॅलरी फेडायला वीस किलोमीटर चालावं लागेल. व्यायाम ही शिक्षा झाली की लवकरच नकोसा होतो, आणि वजन टिकवण्यासाठी तोच पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी काय करायचं? नेहमीचाच दिवस. नाश्ता नेहमीच्या वेळी, जेवण नेहमीचं, टार्गेट तेच 1,500. सकाळी खरंच भूक नसेल तर थोडं कमी खा, ते चालेल, पण ठरवून जेवण गाळू नका. दुपारपर्यंत उपाशी राहिलेल्या माणसाला संध्याकाळी सहा वाजता जी भूक लागते ती आवरणं फार कठीण असतं. बुधवारी जास्त, गुरुवारी उपास, शुक्रवारी पुन्हा जास्त हा फेरा बहुतेक वेळा गुरुवारपासून सुरू झालेला असतो. बुधवार नुसता निमित्त असतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी तर जेवण गाळण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये. औषध घेतलं आणि जेवण गाळलं तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

पुन्हा पुन्हा होत असेल तर कारण शोधा

महिन्यातून एखाद-दोन वेळा आकडा ओलांडला जात असेल तर काही दुरुस्त करायची गरज नाही. असं होतच राहणार, वजन उतरतच राहील. पण दर आठवड्याला होत असेल तर कुठेतरी बिघाड आहे, आणि तो बहुतेक वेळा इच्छाशक्तीत नसतो.

सगळ्यात आधी टार्गेट तपासा. माझ्या मते सर्वाधिक वेळा दोष तिथेच निघतो. ॲप सुरू करताना 'आठवड्याला किती कमी करायचंय?' असं विचारलं जातं आणि आपण उत्साहात एक किलो निवडतो. एक किलो म्हणजे रोज 1,100 ची तूट. वरच्या उदाहरणातल्या 1,900 मेंटेनन्सच्या बाईंना त्यासाठी दिवसाला फक्त 800 खावे लागतील. बरीच ॲप 1,200 च्या खाली जात नाहीत, म्हणून मग 1,200 चा आकडा देतात. तो आकडा शरीराच्या गरजेतून आलेला नसतो, ॲपने घातलेल्या शेवटच्या पायरीतून आलेला असतो. त्यावर चार दिवस काढता येतात, पाचव्या दिवशी शरीर आपलं मागून घेतं.

भूक मारून राहिलं की डोक्यात अन्नच फिरत राहतं, हे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या प्रयोगात फार स्पष्ट दिसलं. अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने त्यांच्या गरजेच्या साधारण निम्म्या अन्नावर ठेवलं होतं. त्या मुलांचं बोलणं, वाचणं, स्वप्नंसुद्धा खाण्याभोवती फिरायला लागली. बंधनं उठल्यावर काही जण प्रचंड खात सुटले आणि पोट भरलं तरी भूक भागली असं त्यांना वाटेना. तुमची तूट तेवढी मोठी नाही, पण दिशा तीच आहे. तूट जितकी मोठी, तितका परतीचा ओढा मोठा.

काय करायचं? आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का उतरेल असा वेग धरा. 70 किलोला तो 350 ग्रॅम होतो, म्हणजे रोज साधारण 385 ची तूट. टार्गेट 1,200 वरून 1,500 वर न्यावं लागेल. वजन कमी करायचं म्हणून टार्गेट वाढवायचं हे ऐकायला विचित्र वाटतं. पण पाच दिवस 1,200 आणि दोन दिवस 2,600 असा आठवडा बेरजेत 11,200 होतो, आणि सात दिवस 1,500 चा 10,500. दुसरा कमी आहे, आणि सोसायलाही सोपा.

टार्गेट ठीक असेल तर नोंद तपासा. कधीकधी असं निघतं की आकडा ओलांडलेला दिवस हाच सगळ्यात प्रामाणिकपणे नोंदवलेला दिवस असतो, आणि 'बरोबर' वाटणारे दिवसच मुळात जास्तीचे असतात. 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात, आपण कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्यांचं खाणं आणि ऊर्जेचा खर्च शास्त्रीय पद्धतीने मोजला. ते प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी खाणं सांगत होते आणि हालचाल 51 टक्के जास्त. ते खोटं बोलत होते असा याचा अर्थ नाही. अन्नाचा अंदाज डोळ्याला येतच नाही, एवढाच अर्थ आहे.

मुख्य गळती तेलाची. एक मोठा चमचा तेल म्हणजे 15 मिलिलिटर, सुमारे 120 कॅलरी. हातानेच ओतलं तर एकाचे दोन कधी होतात कळत नाही. काजू-बदामांची मूठ दुसरी, कारण 100 ग्रॅमला ते 600 च्या आसपास जातात. स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटातलं उरलेलं, चहा-कॉफीतलं दूध-साखर यांची नोंद सहसा होतच नाही. आणखी एक जागा म्हणजे कच्चं-शिजलेलं यातला गोंधळ. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 350 कॅलरी असतात, 100 ग्रॅम शिजलेल्या भातात 130. वजन कच्च्याचं आणि ॲपमध्ये नोंद शिजलेल्याची, असं झालं की एका वाढणीमागे दोनशेहून जास्त कॅलरी हिशोबाबाहेर जातात. दोन आठवडे किचनचा वजनकाटा वापरा, नंतर डोळ्याला सवय होते.

व्यायामाच्या कॅलरी टार्गेटमध्ये मिळवून 'परत खात' असाल तर ते बंद करा. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी 2017 साली मनगटावर बांधायची सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, पण कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात चांगल्या उपकरणाचीही चूक सरासरी 27 टक्के होती.

टार्गेटही ठीक, नोंदही ठीक, तरी होतंय? मग दोन-तीन आठवडे प्रत्येक जास्तीच्या दिवसासमोर चार शब्द लिहा: किती वाजता, त्याआधीचं जेवण कधी झालं होतं, आदल्या रात्री झोप किती, आणि नेमकं काय खाल्लं. तपासायला यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही. दोन-तीन आठवड्यांत एकच एक वेळ किंवा एकच एक प्रसंग वर येतो.

संध्याकाळ ते रात्र ही वेळ वर आली तर दिवसाची मांडणी बदला. सकाळी 200, दुपारी 350 असं खाऊन संध्याकाळसाठी 950 'वाचवून' ठेवणारे अनेक जण असतात. काहींना ते जमतं. तुमचा आकडा संध्याकाळीच ओलांडला जात असेल तर तुम्हाला जमत नाही, एवढं धरून चाला. दुपारच्या जेवणात प्रथिनं वाढवा आणि चार-पाचच्या सुमाराला दीड-दोनशे कॅलरींचं ठरलेलं खाणं ठेवा. वजन कमी करताना दर किलो वजनामागे साधारण 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं दिवसभरात घ्यावीत असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. प्रथिनांनी पोट भरलेलं राहतं आणि ती पचवायला शरीराला ऊर्जाही जास्त लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

काय खाल्लं या रकान्यात दरवेळी पाकिटातलं खाणंच येत असेल तर तेही समजण्यासारखं आहे. केव्हिन हॉल यांच्या 2019 सालच्या प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं अन्न. दोन्हीकडे हवं तितकं खायची मुभा होती. पाकिटातल्या अन्नावर माणसं दिवसाला साधारण 500 कॅलरी जास्त खात होती. असं खाणं कायमचं बंद करा असं मी म्हणणार नाही. पण मोठं पाकीट घरात आणण्यापेक्षा लहान आणा, आणि पाकिटातून थेट खाण्यापेक्षा वाटीत काढून घ्या.

झोपेचा रकाना लोक हलक्यात घेतात. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या, शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रयोगात साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या 80 जाड माणसांपैकी निम्म्यांना झोप वाढवायला मदत केली. त्यांची झोप सरासरी 1.2 तासांनी वाढली आणि खाणं, कोणतंही डाएट न सांगता, तुलनेच्या गटापेक्षा दिवसाला सुमारे 270 कॅलरींनी कमी भरलं. तुमच्या ओलांडलेल्या दिवसांच्या आदल्या रात्री पाच तासांच्या निघाल्या तर जेवणाचा तक्ता राहू द्या, आधी झोपायची वेळ बदला.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेक स्त्रियांची भूक वाढते आणि पाणीही साठतं, त्यामुळे त्या दिवसांत आकडाही ओलांडला जातो आणि काटाही वर दिसतो. त्यावर सोपा उपाय आहे. त्या चार-पाच दिवसांचं टार्गेट आधीच दीड-दोनशेने वाढवून ठेवा, आणि वजनाची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी करा.

शनिवार-रविवार

याला वेगळं लिहायचं कारण असं की इथे 'कधीतरी' हा शब्द फसवतो. सोमवार ते शुक्रवार रोज 400 ची तूट, एकूण 2,000. शनिवार-रविवार मेंटेनन्सच्या वर 800-800, एकूण 1,600. आठवड्याची तूट उरली 400, म्हणजे 50 ग्रॅम चरबी. पाच दिवस इतकं सांभाळूनही महिनाभर काटा हलत नाही, आणि माणसाला वाटतं आपल्या शरीरातच काहीतरी दोष आहे. दोष बेरजेत आहे, आणि बेरीज बदलता येते.

रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याचा आकडा धरा. 1,500 चे सात दिवस म्हणजे 10,500. शनिवारी बाहेर जेवायला जायचं आहे हे आधी माहीत असेल तर बाकीचे सहा दिवस 1,400 ठेवा. शनिवारसाठी 2,100 उरतात, आणि 2,100 मध्ये चांगलं जेवण होतं. हे आधी करायचं. आधी शंभर-शंभर बाजूला ठेवलेलं आणि नंतर दंड म्हणून कापलेलं, बेरीज तीच येते, पण मनावर होणारा परिणाम अगदी वेगळा असतो. नंतर भरून काढायचंच असेल तर दिवसाला शंभर-दीडशेपेक्षा जास्त कापू नका, आणि आठवडाभरात भरून निघेल तेवढंच काढा, उरलेलं सोडून द्या. 300 च्या आतलं ओलांडणं तर भरून काढायचा विचारही करू नका. वेष्टनावरचा आकडा, तुमचा अंदाज आणि अन्नातला नैसर्गिक फरक यांची एकत्र चूकच तेवढी असते.

रोजच्या टार्गेटलाही एका आकड्याऐवजी पट्टा द्या: 1,500 ऐवजी 1,400 ते 1,650. 1,580 चा दिवस मग लाल ठरत नाही, आणि त्यावरून पुढचं सगळं घसरत नाही.

ठरवून ठेवलेला 'चीट डे' मला पटत नाही. एक जास्तीचं जेवण आठवड्यात सहज मावतं, पण अख्खा दिवस मोकाट सोडला तर पाच दिवसांची तूट त्यात जाऊ शकते. शिवाय त्या नावामुळे बाकीचे सहा दिवस शिक्षा वाटायला लागतात.

हे बदल केल्यावर चार आठवडे थांबा आणि सात दिवसांच्या सरासऱ्या एकाखाली एक लिहा. सरासरी उतरत असेल तर काही बदलू नका, मधले दिवस ओलांडले गेले असले तरी. उतरत नसेल तर आणि तरच टार्गेट 100 ते 150 ने खाली आणा.

हे कॅलरीचं दुखणं नसेल तेव्हा

वर लिहिलेलं सगळं अशा माणसासाठी आहे ज्याला जास्त खाल्ल्यावर चुटपुट लागते, पण खाताना थांबावंसं वाटलं तर थांबता येतं. काही जणांचं तसं नसतं. थोड्या वेळात खूप मोठ्या प्रमाणात खाल्लं जातं, हात आवरत नाही, पोट दुखेपर्यंत खाल्लं जातं, लाज वाटून एकट्याने खाल्लं जातं आणि नंतर स्वतःचा तिटकारा येतो. असं सरासरी आठवड्यातून एकदा, तीन महिने होत असेल तर तो बिंज ईटिंग डिसऑर्डर असू शकतो. 2013 सालापासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. जास्त खाल्ल्यावर उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं किंवा तासन्‌तास व्यायाम करून फेडणं हे सुरू झालं असेल तर तीन महिने थांबायचीही गरज नाही. अशा वेळी कॅलरी मोजणं बहुधा त्रास वाढवतं. मोजणं बंद ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथवर जायचा संकोच वाटत असेल तर नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा, आणि वजनाबद्दल बोलण्याआधी खाण्याबद्दल बोला.

गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, वय अठराच्या आत असेल, किंवा पूर्वी खाण्याशी संबंधित आजार होऊन गेला असेल, तर वरचा कुठलाच आकडा स्वतःला लावू नका. तुमचं टार्गेट डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांनी तुम्हाला तपासून ठरवायचं आहे.